चावी ठाऊक असणारे

वाशीमच्या बालाजी मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर होतं. माजघरात देवघर, देवघरामागे भिंतीतलं फडताळ, आणि फडताळात आजीचा पितळी डबा. डब्यात २१ पुतळ्यांची माळ, एक टीक, दोन गोफ आणि माझ्या वडिलांच्या बारशातल्या बिंदल्या. नथही त्याच डब्यातली, पण ती एका लग्नासाठी आईने घेतली होती. ७२ च्या दुष्काळात मोठे काका आजीला म्हणाले, डाग काळवंडलेत, उजळून आणतो. डबा घरी परत आला तेव्हा त्यात लाल कागद तेवढा होता.

मी तेव्हा १३ वर्षांची होते. चोरी झाली, असं घरात कुणीही, कधीही म्हटलं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चोराले का चावी मालूम रायते बाई?" त्यापुढे ती या विषयावर बोललीच नाही. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने आपल्या हाताने केलेली डागांची यादी मात्र तिने फाडली नाही. ती यादी आज माझ्याकडे आहे.

पुढे ३३ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. रहस्यकथांचं वेड आमच्या पिढीत सगळ्यांनाच होतं. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आम्ही वाचनालयातून आणून, पाळी लावून वाचत असू. त्या गोष्टींत तिजोऱ्या असत, पहारे असत, अंधारात कुणीतरी गच्चीवरून उतरत असे. मला ते फार आवडायचं. पण वर्गात १८५४ साल आलं, नागपूरच्या भोसल्यांच्या जवाहिराचा लिलाव आला, की माझ्या डोळ्यांपुढे गच्ची येत नसे, आमचं फडताळ येई. मराठी मुलखात दागिन्यांची एवढी मोठी लूट दुसरी क्वचितच झाली असेल, आणि तिच्यासाठी कुणाला भिंत फोडावी लागली नाही. दार त्याच्या ३८ वर्षं आधी आतून उघडलं होतं.

आम्हा वाशीमकरांना ही गोष्ट परकी नाही. ज्या बालाजीच्या अंगणात आम्ही खेळलो, ते देऊळ भवानी काळूंनी बांधलं आणि ते साबाजी भोसल्यांचे दिवाण होते. साबाजी हे पहिल्या रघूजींचे पुत्र. रघूजी १७५५ मध्ये गेले तेव्हा मागे चार मुलगे राहिले: जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. गादी जानोजींना मिळाली, दारव्हा आणि वऱ्हाडचा भाग साबाजींकडे आला, मुधोजींकडे चांदा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड. जानोजींना मूल नव्हतं. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचं ठरवलं आणि १७७२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मग सख्ख्या-सावत्रांत जे सुरू झालं ते २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळच्या पाचगावला संपलं. लढाई साबाजींच्या बाजूने झुकली होती. मुधोजी घेरले गेले होते आणि साबाजी त्यांना शरण यायला सांगत पुढे आले. तेव्हा मुधोजींनी स्वतःच्या हाताने गोळी झाडली आणि भाऊ जागच्या जागी गेला. बालाजीसमोर हात जोडताना मला अजूनही कधीकधी आठवतं, की हे देऊळ बांधणाऱ्याचा धनी सख्ख्या घरातल्या गोळीने मेला.

जवाहिरासाठी हा खून झाला असं मी म्हणत नाही. भांडण गादीचं होतं. पण राजवाड्यात गादी आणि खजिना एकाच कुलपात असतात, आणि त्या घराला एक वळण पडलं ते इथून.

ते वळण पुढच्या पिढीतही आलं. जानोजींनी दत्तक ठरवलेले तेच रघूजी, म्हणजे दुसरे रघूजी, मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी अंध होता, शरीराने पार खचलेला होता. कारभार कुणी पाहायचा? रघूजींच्या राणी बांकाबाई आणि घरातलेच धर्माजी भोसले एका बाजूला, आणि परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. आप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केलं. पण तेवढ्यावर त्यांना स्वस्थ वाटेना, म्हणून त्यांनी इंग्रज रेसिडेंटशी गुपचूप बोलणी केली आणि मे १८१६ मध्ये रातोरात तैनाती फौजेच्या तहावर सही केली. तहाची कलमं पाठ्यपुस्तकात असतात आणि मुलं ती पाठही करतात. मी मुलांना विचारत असे, ही फौज कुणी बोलावली? शत्रूला वाड्याच्या आवारात आणून बसवलं कुणी? घरच्या भावाने, घरच्याच भीतीने.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते. गळा दाबून मारल्याचं पुढे उघड झालं आणि ठपका आप्पासाहेबांवर आला. रहस्यकथेत खुनी सापडला की पुस्तक संपतं. इथे खुनाचा संशयित गादीवर बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले, पकडले गेले आणि उत्तरेकडे नेत असताना शिपायाच्या वेशात निसटले. १८४० मध्ये जोधपूरला त्यांचा शेवट झाला.

आणि बांकाबाई? मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त त्यांच्याबद्दल वाटतं. नवऱ्यामागे कारभार हातून गेला, परसोजी मारले गेले, फौजा वाड्यापर्यंत आल्या. मग रघूजींच्या मुलीचा लहान मुलगा तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला आणि त्याच्या नावाने वाड्याचं घर सांभाळायची वेळ पुन्हा बांकाबाईंवर आली. खरी सूत्रं रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती होती, पण वाड्यातल्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असणार, असं मला नेहमी वाटत आलं. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. पोटी मुलगा नव्हता. बांकाबाई तेव्हा खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. राण्यांनी नात्यातल्या यशवंतरावांना दत्तक घेतलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही. स्वतः रेसिडेंट मॅन्सेल याचं मत राज्य राहू द्यावं असं होतं. त्याचंही ऐकलं गेलं नाही. १८५४ च्या मार्चमध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं.

याच्या आदल्याच वर्षी, मे १८५३ मध्ये, निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला होता. त्यात आमचं वाशीमही गेलं. आमच्या गावाचा मुलूख अशा रीतीने एका उधारीच्या कागदावर गेला आणि वर्षभरात नागपूरचा एका मृत्यूच्या कागदावर.

राज्य घेतल्यावर वाड्यातल्या वस्तूंचा प्रश्न आला. राजाची खाजगी मालमत्ता कुठली आणि राज्याची कुठली, याचा निवाडा ज्याला घ्यायचं होतं त्यानेच केला. म्हणणं असं होतं, की विकून येणारा पैसा भोसले कुटुंबाच्या निर्वाहासाठीच ठेवू. मग मोजदाद, यादी, विक्री. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला जाहीर लिलावात निघाले आणि मातीमोल गेले. जवाहीर कलकत्त्याला पाठवलं गेलं, तिथे हॅमिल्टन कंपनीने ते विकलं. वाड्यातलं सामानसुमान हलवायला माणसं आली तेव्हा बांकाबाईंनी निरोप पाठवला, की सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन.

नुसता वाडा गेला असता तर कदाचित त्या गप्प राहिल्या असत्या. सुनांच्या, नातसुनांच्या अंगावरचे डाग परक्या माणसाने ओळीने मांडून मोजावेत, हे त्यांना सोसवलं नाही. ७२ साली आमच्या घरात असं कुणी मोजलं नव्हतं, तरी आजीने पुढे कितीतरी वर्षं कुणाच्याही लग्नात गळ्यात काही घातलं नाही.

नागपूरचं जवाहीर विकल्याला १०-१५ वर्षं होतात न होतात तोच, १८६८ मध्ये, इंग्लंडात विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही कादंबरी आली. इंग्रजी गुप्तहेरकथेची सुरुवात तिच्यापासून धरतात. श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकारी एक हिंदुस्थानी हिरा उचलतो आणि पुढे इंग्लंडातल्या घरातून तो नाहीसा होतो. कादंबरीतही संशय बाहेरच्यांवर जातो आणि शेवटी माणूस निघतो नात्यातलाच. कॉलिन्सने नागपूरकडे पाहून लिहिलं असं मुळीच नाही, पण दागिना आणि नातं यांची गाठ त्याला बरोबर कळली होती.

राहता राहिला एक प्रश्न, जो मुली दरवर्षी विचारत: बाई, मग ते दागिने आता कुठे आहेत? याचं उत्तर मला पुस्तकाने नाही, आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सराफांनी दिलं. ते म्हणाले, सोन्याला नाव नसतं. पुतळ्या आल्या की आधी दोरा कापायचा, लाख काढायची, मग मुशीत घालून आटवायचं. तूट वजा केली की लगडी. लगडीला कुणी विचारत नाही, तू कुणाच्या गळ्यात होतीस. खड्यांचंही तेच, त्यांना नवे पैलू पाडतात. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा हिरा बघा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांकडून तो इंग्रजांच्या हाती गेला, लंडनला रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा पाडले आणि तो ४३ कॅरेटवर आला. एकेकाळी तो याच्या जवळजवळ दुप्पट होता. चोरीच्या गोष्टींत पळून जाण्याचं वर्णन पानंच्या पानं चालतं, पण दागिना खरा नाहीसा होतो तो मुशीत आणि सहाणेवर.

म्हणूनच ज्या वस्तूवर नाव कोरलेलं असतं ती परत येऊ शकते. पहिल्या रघूजींची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब आहे. राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. मी टीव्हीसमोर उभी राहून ते पाहिलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. साबाजी, मुधोजी, जानोजी ज्या बापाचे मुलगे, त्याच्या हातातलं पातं घरी आलं होतं.

त्या संध्याकाळी मी आजीची यादी काढली. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वाचता येतं. पुतळ्या, टीक, गोफ, बिंदल्या, आणि सगळ्यात खाली नथ, मोत्ये सात. काका जाऊन २० वर्षं झाली. ते पैसे कुठे गेले, दुष्काळात कुणाचं देणं होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि माझ्या वडिलांनी विचारलं नाही. दोघं भाऊ शेवटपर्यंत एकमेकांच्या घरी दिवाळीला जात, फक्त देवघरात जाऊन बसत नसत.

गेल्या माघात काकांच्या नातीचं कारंज्याला लग्न झालं. आईकडे राहिल्यामुळे वाचलेली ती नथ मी माझ्या हाताने तिला घातली. तिला डब्याची गोष्ट माहीत नव्हती, ती मी तिला सांगितली, सगळी सांगितली, तिच्या आजोबांचं नाव घेऊन. ती बराच वेळ नथीच्या मोत्यांना हात लावून बसली. घरी आल्यावर मी पंचांगाचं ते पान उघडलं आणि नथीपुढे तिचं नाव लिहिलं.