हिरड्यांच्या विकारांवरील प्रतिऑक्सिडीकारक उपचार

अँटिऑक्सिडंट अर्थात प्रतिऑक्सिडीकारक हे पेशींची ऑक्सिडीकरणामुळे होणारी हानी रोखणारे पदार्थ आहेत. हिरडीशोथ व परिदंतशोथ (पायोरिया) या विकारांत दंतस्वच्छतेच्या मूळ उपचाराला जोड म्हणून त्यांचा वापर केला जातो. हा स्वतंत्र उपचार नव्हे.

विकाराची प्रक्रिया

दात व हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो वेळीच न काढल्यास कठीण होऊन त्याचे कीटण बनते. या जिवाणूंचा प्रतिकार करण्यासाठी रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायपोक्लोरस आम्ल यांसारखी अतिक्रियाशील द्रव्ये सोडतात. त्यांमुळे जिवाणू मरतात. मात्र ही द्रव्ये प्रमाणाबाहेर निर्माण झाल्यास हिरडीतील कोलॅजेन, पेशींची पटले व डीएनए यांनाही इजा होते. दाहामुळे हाड झिजवणाऱ्या पेशी कार्यप्रवण होतात आणि दाताचा आधार कमी होऊ लागतो. या असमतोलास ‘ऑक्सिडीकारक ताण’ म्हणतात. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे तो वाढतो.

शरीरातील संरक्षण

सुपरऑक्साइड डिसम्युटेज व कॅटालेज ही विकरे तसेच ग्लुटाथायोन शरीरातच तयार होतात. लाळेतील प्रमुख प्रतिऑक्सिडीकारक यूरिक आम्ल हे आहे. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइडे आणि वनस्पतींतील पॉलिफेनॉले आहारातून मिळतात.

क जीवनसत्त्व कोलॅजेनच्या घडणीसाठीही आवश्यक असते. त्याच्या अभावामुळे होणाऱ्या स्कर्व्ही रोगात हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी ‘सॉल्झबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील १२ रुग्ण खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. त्यांपैकी संत्री व लिंबे दिलेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. तथापि स्कर्व्ही हा अभावजन्य रोग आहे, तर परिदंतशोथाचा आरंभ जिवाणूंच्या थरापासून होतो. त्यामुळे एकावरील उपाय दुसऱ्यालाही तसाच लागू पडेल, असे मानता येत नाही.

उपचारातील स्थान

दातांवरील व मुळांवरील कीटण काढणे आणि रोजची स्वच्छता हाच मुख्य उपचार होय. प्रतिऑक्सिडीकारके हा थर काढू शकत नाहीत. टोमॅटोतील लायकोपीन, हरित चहातील कॅटेचिने, हळदीतील कर्क्युमिन व सहविकर क्यू-१० यांचा गोळ्या, जेल किंवा गुळण्यांच्या स्वरूपात अभ्यास झाला आहे. काही चाचण्यांत रक्तस्राव व हिरडीखालील कप्प्यांची खोली थोडी अधिक घटली. परंतु बहुतेक चाचण्या लहान व अल्पकालीन असून त्यांतील मात्रा भिन्न होत्या. म्हणून ठरावीक मात्रेची सर्वमान्य शिफारस नाही.

मर्यादा व धोके

अधिक मात्रा म्हणजे अधिक लाभ, असे नसते. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील मोठ्या चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. क जीवनसत्त्वाच्या अतिसेवनाने अतिसार होतो, तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आवळा, पेरू, लिंबूवर्गीय फळे व पालेभाज्या यांतून ही द्रव्ये सहज मिळतात. महाराष्ट्रात काही जण दात घासण्यासाठी वापरतात ती मशेरी भाजलेल्या तंबाखूची असते. तंबाखूमुळे हिरड्यांची हानी होत असल्याने, कोणत्याही पूरक गोळ्यांपूर्वी ती सोडणे आवश्यक ठरते.