प्रमाणपत्र आणि उमेदवारी



बारावीच्या आणि पदवीच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या गावात घरोघर एकच प्रश्न निघतो : पुढे काय? अलीकडे या प्रश्नाला एक ठराविक उत्तर मिळू लागले आहे. ‘कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करून टाक.’ कापसाच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम क्लासला भरली जाते. मुलगा सहा महिने जळगावला नाहीतर पुण्याला राहून येतो. एक रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर लागते. आणि मग पहिल्याच मुलाखतीत समोरचे गृहस्थ विचारतात, ‘अनुभव किती?’ अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. या फेऱ्यात सापडलेला एखादा तरुण आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात असेल. हा फेरा कोठे तोडता येईल, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रमाणपत्राच्या आधारावर पहिली नोकरी मिळवणे ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. मॅट्रिक झालेला मुलगा पूर्वी टायपिंगच्या संस्थेत नाव घालीत असे. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला, आणि पुढे कितीतरी वर्षे तालुक्याच्या गावांतून त्या यंत्राचा खडखडाट सकाळ-संध्याकाळ ऐकू येत राहिला. मिनिटाला मराठीचे तीस शब्द, इंग्रजीचे चाळीस शब्द, अशा त्या परीक्षा. आता त्याही संगणकावर होतात. पण त्या प्रमाणपत्राचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. हेडक्लार्कने उमेदवाराला यंत्रापुढे बसवले, की दहा मिनिटांत कागद खरा की खोटा ते कळत असे. कागदावर जे लिहिले होते तेच बोटांत होते. म्हणून त्या कागदाला किंमत होती.

संगणकाच्या प्रमाणपत्राची अडचण नेमकी येथे आहे. त्यातील कित्येक परीक्षा पर्यायांवर खुणा करून पास होता येतात. त्यामुळे कागद एक सांगतो आणि हात दुसरेच सांगतो, असा अनुभव नोकरी देणाऱ्याला वारंवार येतो, आणि तो कागदाकडे संशयाने पाहू लागतो. त्याचा ‘अनुभव किती?’ हा प्रश्न वस्तुतः ‘कागदातले हातात किती?’ असा आहे. एवढे एकदा उमगले, म्हणजे अर्धी वाट सरली.

प्रथम ही प्रमाणपत्रे कोणकोणती, ते थोडक्यात पाहू. कारण आपल्याकडे सर्वांना एकाच मापाने मोजण्याची चूक होते. पहिली पायरी साक्षरतेची. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम या पायरीवरचा. तो खेडोपाडी पोचला आणि सरकारी नोकरीसाठी अनेकांना उपयोगी पडला, ही मोठी गोष्ट झाली. पण साक्षर होणे म्हणजे व्यवसाय येणे नव्हे. दुसरी पायरी धंदेशिक्षणाची. आयटीआयमधील एक वर्षाचा ‘कोपा’, किंवा १९९० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेतील ‘ओ लेव्हल’, जी आज नाइलिट ही संस्था घेते, ही तिची उदाहरणे. तिसरी पायरी कंपन्यांच्या परीक्षांची. नेटवर्कसाठी सिस्कोची सीसीएनए, लिनक्ससाठी रेड हॅटची आरएचसीएसए, यंत्रदुरुस्तीसाठी कॉम्पटियाची ए-प्लस. या परीक्षा जगभर एकाच मापाने घेतल्या जातात आणि त्यांचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नूतन करावे लागते. त्यांपैकी काहींचे शुल्क डॉलरमध्ये ठरते. सीसीएनएचे शुल्क सुमारे तीनशे डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढेच जाते. शेतकऱ्याच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरात ही रक्कम काही लहान नव्हे. तेव्हा कोणती परीक्षा, केव्हा आणि कशासाठी, हे पैसे भरण्यापूर्वी ठरले पाहिजे.

माझे सांगणे असे, की ज्या परीक्षेत हाताची कसोटी लागते ती जास्त मोलाची समजावी. आरएचसीएसएमध्ये पर्यायांवर खुणा करावयाच्या नसतात. परीक्षार्थीपुढे चालू यंत्रणा ठेवतात आणि कामे सांगतात : नवा वापरकर्ता तयार करा, डिस्कचा भाग जोडा, हरवलेला पासवर्ड नव्याने बसवा. काम झाले तर गुण, नाहीतर नाही. जुन्या टायपिंगच्या परीक्षेचा हा खरा वारस होय.

आता अभ्यासाविषयी. प्रत्येक चांगल्या परीक्षेची विषयवार वाटणी कंपनी स्वतः जाहीर करते. सीसीएनएचेच उदाहरण घ्या. नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, जोडणी २० टक्के, एका नेटवर्कमधून दुसऱ्यात मार्ग काढणे २५ टक्के, सुरक्षितता १५ टक्के, आणि उरलेले २० टक्के सेवा व स्वयंचलन यांत वाटलेले. हा तक्ता भिंतीला लावून त्याच प्रमाणात दिवस वाटावेत. सरावासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ विनामूल्य मिळते. त्यात पडद्यावरच राउटर आणि स्विच जोडून पाहता येतात. लिनक्स विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाहावे. त्यात मराठीतूनही धडे आहेत. मात्र परीक्षेचा प्रश्न इंग्रजीतच वाचावा लागतो. म्हणून विषय मराठीत समजून घ्यावा आणि संज्ञा इंग्रजीतच पाठ कराव्यात. एकाच वेळी दोन्हींशी झुंजत बसू नये.

एका मोहापासून मात्र सावध केले पाहिजे. फुटलेल्या प्रश्नांच्या गठ्ठ्यांना बाजारात ‘डम्प’ म्हणतात. ते पाठ करून पास झालेल्याचे प्रमाणपत्र कंपन्या रद्द करतात आणि पुढील परीक्षांनाही बंदी घालतात. पण ती शिक्षा झाली नाही तरी दुसरी चुकत नाही. पहिल्या मुलाखतीत एक साधा प्रश्न येतो आणि कागदाची किंमत तेथेच संपते.

कागद आणि हात यांची सांगड कशी पडते, ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू. समजा, गावातील एका पतसंस्थेत सकाळी काउंटर उघडले, चार संगणकांपैकी एक सर्व्हरशी बोलेना, आणि बाहेर खातेदारांची रांग लागली. कचेरीतील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो; तो बहुधा राउटर देतो. राउटर म्हणजे आपले पाचोरा जंक्शन समजा. २०२० च्या मार्चपर्यंत जामनेरहून छोटी गाडी पाचोऱ्याला जाई, आणि मुंबई-भुसावळच्या उतारूला तेथे मोठ्या गाडीत बसावे लागे. तसेच कचेरीतल्या कचेरीत संगणक आपापसांत बोलतात ते छोट्या रुळावर. बाहेरच्या जगात जावयाचे तर राउटरपाशी गाडी बदलावी लागते. आता अभ्यास केलेली मुलगी त्या बंद संगणकाचा पत्ता उघडून पाहते. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो. तिला एकदम कळते, की या यंत्राने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. बाकीचे तीन संगणक चालू आहेत, तेव्हा राउटर ठीक असावा. दोष या यंत्राच्या आणि राउटरच्या मधल्या वाटेवर आहे.

येथपर्यंत पुस्तकाने आणले. यापुढे कपाट सरकवावे लागते. मागे उंदराने केबल कुरतडलेली सापडते. ती केबल बदलते, पत्ता नीट आला की नाही ते पाहते, आणि काय बिघडले, काय केले, किती वेळ लागला, ते वहीत लिहून ठेवते. व्यवस्थापकाचा पासवर्ड ती मागत नाही. खातेदारांच्या नोंदी उघडून पाहत नाही. पुस्तक नसते तर ती तासभर चाचपडत बसली असती. आणि कपाट सरकवण्याची सवय नसती तर पुस्तक असूनही रांग तशीच राहिली असती.

या प्रसंगात ‘अनुभव’ या शब्दाचे तीनही अर्थ आले. पुस्तकाबाहेरच्या अडचणीशी गाठ पडलेली असणे, हा पहिला. दुसऱ्याचा पैसा आणि माहिती यांच्याजवळ विश्वासाने वावरता येणे, हा दुसरा. आणि ‘हे काम हिने केले, आम्ही पाहिले’ असे सांगणारा माणूस मागे उभा असणे, हा तिसरा. यांतील एकाही गोष्टीसाठी पुण्याचे तिकीट काढावे लागत नाही. या जामनेरात त्या मिळू शकतात.

याचे ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुण्यात ते कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या कामाला लागले. पगार महिना चारशे रुपयांच्या आसपास. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि पुढे संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा उपद्रव फार दिसे. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी त्यावर उपाय करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले, आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. प्रत्येक दुरुस्तीवाल्याची कंपनी होईल, असे मी म्हणत नाही. येथे घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. एका भावाकडे बिघडलेली यंत्रे होती, दुसऱ्याकडे विद्या होती. दोन्ही एका दुकानात एकत्र आली. आपल्या मुलांजवळ विद्या थोडीफार येते. बिघडलेली यंत्रे मात्र त्यांच्यापर्यंत कोणी येऊ देत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना, चांगला शब्द आहे : उमेदवारी. शिकता शिकता काम करणे आणि काम करता करता ओळखीस उतरणे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला कायद्याचा आधार आणि विद्यावेतन दिले. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. योजना येतात आणि बदलतात. परंतु काम गावातच आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्यांना आपण विविध कार्यकारी सोसायट्या म्हणतो, त्याच या संस्था. सोसायट्या, पतसंस्था, शाळा, दवाखाने, जिनिंग, सेवा केंद्रे या सर्वांकडे आज संगणक आहेत. आणि ‘बॅकअप शेवटी कधी घेतला?’ या प्रश्नाला नीट उत्तर देणारा माणूस थोड्या ठिकाणी सापडेल.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे. एक क्षेत्र निवडा. चार प्रमाणपत्रांपेक्षा एक पक्के बरे. रोज दोन तास यंत्रावर बसा आणि केलेले काम तारीखवार वहीत लिहा. गावातील एखाद्या संस्थेकडे जा आणि नोकरी मागू नका. एक ठराविक काम मागा. ‘तुमच्या सर्व संगणकांची यादी करून देतो, बॅकअपची व्यवस्था लावून देतो,’ असे म्हणा. काम झाल्यावर चार ओळींचे पत्र घ्या. ती वही, ते पत्र आणि एक प्रमाणपत्र घेऊन जो मुलाखतीला जाईल, त्याला ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला रिकाम्या हाताने तोंड द्यावे लागणार नाही. आजकाल यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकावयाचे कशाला, असेही विचारतात. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ज्याला तपासता येते त्याची गरज त्यामुळे संपत नाही.

पालकांनी क्लासची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोण देणार, क्लास स्वतः की बाहेरची मान्यताप्राप्त संस्था? यंत्रावर प्रत्यक्ष किती तास बसावयास मिळेल? आणि मागल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? ‘शंभर टक्के नोकरी’ असे जेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तेथे हे प्रश्न अधिकच मोठ्याने विचारावेत.

आणि शेवटचे सांगणे गावाला, म्हणजे आपल्याला. आज या मंडपात दुकानदार आहेत, संस्थांचे संचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, डॉक्टर आहेत. आपणही आपल्या कचेरीत माणूस घेताना ‘अनुभवी पाहिजे’ असेच म्हणतो. तो अनुभव कोणी द्यावयाचा, याचा विचार मात्र करीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून सहा महिने एका मुलाला किंवा मुलीला योग्य विद्यावेतन देऊन आपल्या यंत्रांजवळ उभे केले, तर पुष्कळांचा फेरा तेथेच तुटेल. फुकट राबवून घेणे म्हणजे उमेदवारी नव्हे, हेही ध्यानात असावे. विशेषतः ज्या मुलींना घरची माणसे परगावी पाठवीत नाहीत, त्यांच्यासाठी गावातली ही पहिली पायरी बहुधा एकमेव पायरी असते. परीक्षा मुलांनी द्यावयाची आहे. पण अनुभवाचे दार आतून बंद आहे, आणि त्याची कडी आपल्या हाताशी आहे. ती आपण काढावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.