तपासलं एक नाव, उघडली दुसरी फाइल

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. त्याआधी मोबाइल डेटा जपून वापरायची गोष्ट होती. सांगलीतलं वालचंद असो की कराडचं शासकीय अभियांत्रिकी, वसतिगृहात नोट्स, सिनेमे, गाणी, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका असं सगळं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट जायचं आणि त्यासाठी ‘शेअरइट कर’ एवढंच म्हटलं जायचं. बटण दाबलं की फाइल जाते, इतकं वापरणाऱ्याला पुरतं. त्या बटणामागे मात्र एक छोटा वेब सर्व्हर चालू असतो. सुरक्षेच्या दृष्टीने अशा सर्व्हरचं काय चुकू शकतं, ते समजून घ्यायला शेअरइटइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी रचना पाहू. एक फोन हॉटस्पॉट सुरू करतो आणि दुसरा त्याला जोडला जातो. मग पाठवणाऱ्या फोनवर सर्व्हर उभा राहतो. सर्व्हर म्हणजे ‘अमुक फाइल दे’ अशी मागणी आली की उत्तरात ती फाइल देणारा प्रोग्रॅम. उत्तराबरोबर एक क्रमांकही जातो. 200 म्हणजे ‘मिळालं, हे घे’, 404 म्हणजे ‘असं काही नाही’, 403 म्हणजे ‘आहे, पण तुला नाही’. बँकेची वेबसाइट असो नाहीतर खिशातला फोन, हा संवाद सगळीकडे सारखाच.

कोणीही यावं आणि काहीही न्यावं असं होऊ नये म्हणून शेअरइटमध्ये ओळखीच्या उपकरणांची एक यादी होती. यादीत नाव असेल त्यालाच फाइल मिळायची. यादीत नाव कसं जायचं, तिथेच घोळ होता. रेडफोर्स नावाच्या सुरक्षा संशोधकांच्या गटाला डिसेंबर 2017 मध्ये दिसलं की अनोळखी उपकरणाने अस्तित्वातच नसलेलं एखादं पान मागितलं, तर सर्व्हर 404 म्हणण्याऐवजी 200 म्हणून कोरं पान पाठवतो आणि त्याच वेळी त्या उपकरणाची ओळखीच्या यादीत नोंद करून टाकतो. एका चुकीच्या मागणीवर अनोळखी माणूस आपला झाला. पुढचा दोष आणखी गंभीर होता. एकदा नाव यादीत गेलं की ‘ही फाइल याला पाठवायची होती का’ हा प्रश्न सर्व्हर विचारतच नव्हता. पाठवायला निवडलेल्या तीन फोटोंपुरता हा व्यवहार राहत नव्हता. फोनवरच्या दुसऱ्या फाइलींचा ठावठिकाणा माहीत असेल तर त्याही नेता येत होत्या. भर म्हणजे, फाइल पाठवताना अ‍ॅप जो हॉटस्पॉट सुरू करायचं तो पासवर्डशिवाय खुला असू शकत होता. मार्च 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ही माहिती जाहीर झाली. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने ज्या 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत शेअरइटही होतं.

या प्रसंगात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. ‘तू कोण?’ हा पहिला आणि ‘ही वस्तू तुला द्यायची का?’ हा दुसरा. छोटे सर्व्हर लिहिणारे पहिल्या प्रश्नावर सगळा जोर देतात, लॉगिन आणि पासवर्ड बांधतात, आणि दुसरा प्रश्न फक्त दारात एकदा विचारतात किंवा विचारतच नाहीत. वेबचा प्रत्येक व्यवहार सुटा असतो. दहा फाइली म्हणजे दहा मागण्या, आणि दुसरा प्रश्न दहा वेळा विचारावा लागतो. ओडब्ल्यूएएसपी ही संस्था वेबवरच्या मोठ्या धोक्यांची यादी काढते. 2021 च्या तिच्या यादीत परवानगी तपासण्यातल्या चुका पहिल्या क्रमांकावर आल्या. त्याआधीच्या, 2017 च्या यादीत त्या पाचव्या होत्या.

आता समजा दुसरा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो आहे. तरीही आत शिरायची एक वाट उरते आणि या लेखात मला खरा वेळ तिच्यासाठी द्यायचा आहे. सर्व्हर नावाची परवानगी तपासतो, पण फाइल उघडून देते ती संगणकाची फाइलव्यवस्था. दोघांना त्या नावाचा अर्थ एकच लागेल याची खात्री नसते.

सातारा जिल्ह्यातलंच नाव घेऊ. समजा एका कार्यालयाने मॅक संगणकावर छोटा सर्व्हर चालवला आहे आणि त्यात ‘कऱ्हाड’ नावाचा फोल्डर बंद ठेवला आहे. यातला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. युनिकोडमध्ये 0931 क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर आहे, आणि साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता अशा दोन खुणा मिळूनही तेच अक्षर होतं. पडद्यावर फरक दिसत नाही. पण देवनागरीतली प्रत्येक खूण साठवायला तीन बाइट लागतात. त्यामुळे पहिल्या तऱ्हेने ‘कऱ्हाड’ 18 बाइटचं होतं आणि दुसऱ्या तऱ्हेने 21 बाइटचं. बंद फोल्डरांच्या यादीत सर्व्हरने 18 बाइटचं नाव लिहून ठेवलं आहे. पाहुणा 21 बाइटचं नाव मागतो. सर्व्हर दोन्ही नावं अक्षराला अक्षर लावून पाहतो, जुळत नाहीत, म्हणजे फोल्डर बंद नाही असं ठरवतो आणि मागणी पुढे पाठवतो. मॅकच्या फाइलव्यवस्थेला मात्र ही दोन्ही नावं एकाच फोल्डरची वाटतात. ती कुलूपबंद फोल्डर उघडून देते. विंडोज किंवा लिनक्सवर नेहमीच्या फाइलव्यवस्थेत हीच दोन नावं दोन वेगळे फोल्डर मानली जातात, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. सर्व्हरचा प्रोग्रॅम तोच, यंत्र बदललं की त्यात भोक पडतं.

हे केवळ कल्पनेतलं नाही. अ‍ॅपलची जुनी फाइलव्यवस्था नावातली काही अदृश्य चिन्हं सोडून देत असे. अक्षरं जोडताना किंवा तोडताना आपण मराठीत जी शून्य रुंदीची चिन्हं वापरतो तीही त्यांत आली. डिसेंबर 2014 मध्ये गिट या प्रोग्रॅमरांच्या रोजच्या साधनात याच कारणाने दोष सापडला आणि तातडीने दुरुस्ती काढावी लागली. संरक्षित फोल्डरच्या नावात असं चिन्ह घुसवलं की तपासणीला ते नाव वेगळं वाटायचं, डिस्कला तेच वाटायचं.

विंडोजच्या लकबी आणखी वेगळ्या आहेत. इंग्रजी नावातली मोठी-लहान लिपी ती एकच मानते. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तर सहसा गाळून टाकते. लांब नावांना आठ अक्षरांत बसणारं जुन्या पद्धतीचं आखूड टोपणनावही देऊ शकते. यातल्या प्रत्येक लकबीने कधी ना कधी कोणत्या तरी छोट्या सर्व्हरचं कुलूप निकामी केलेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आयआयएस सर्व्हरलाही 1998 मध्ये हा फटका बसला. पत्त्याच्या शेवटी ‘::$डेटा’ अशा अर्थाची इंग्रजी शेपटी जोडली की पान चालवून दाखवण्याऐवजी सर्व्हर त्याचा मूळ प्रोग्रॅम वाचायला देत असे.

तिसरी लकब सांकेतिक लिखाणाची. वेबच्या पत्त्यात काही चिन्हं थेट न लिहिता टक्क्याच्या खुणेने लिहितात. मोकळी जागा म्हणजे %20, टिंब म्हणजे %2ई (इंग्रजी ई). दोन टिंबं म्हणजे ‘वरच्या फोल्डरात जा’, म्हणून प्रत्येक सर्व्हर दोन टिंबांवर नजर ठेवतो. सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या अपाचे 2.4.49 मध्ये ही नजर चुकली. एक टिंब साधं आणि दुसरं सांकेतिक लिहिलं की तपासणीला ती दोन टिंबं दिसत नव्हती. पुढे संकेत उलगडला की दिसत होती, पण तोवर तपासणी होऊन गेलेली असे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 2.4.50 ही दुरुस्ती आली. ती अपुरी पडली, कारण टिंब आता %%32%65 असं दुहेरी संकेतात लिहिता येत होतं. पहिल्यांदा उलगडलं की %2ई, दुसऱ्यांदा उलगडलं की टिंब. काही दिवसांतच 2.4.51 काढावी लागली. ज्यांनी सेटिंगमध्ये मुळातच ‘परवानगी दिलेली नाही ते सगळं बंद’ असं लिहून ठेवलं होतं, त्यांच्या फाइली या काळातही वाचल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या आणि अनेक जाणत्या डोळ्यांखालून गेलेल्या सर्व्हरची ही गत असेल, तर एकट्या माणसाने सवडीने लिहिलेल्या सर्व्हरकडून किती अपेक्षा ठेवायची, हे वापरणाऱ्याने ठरवावं.

असा एक सर्व्हर आपल्याकडे सहज सापडेल. रेजेटोचा एचएफएस मासिमो मेलिना या इटालियन प्रोग्रॅमरने लिहिला. विंडोजवर एकच फाइल, इन्स्टॉल करायची गरज नाही, फोल्डर ओढून टाकला की वाटप सुरू. या सोयीमुळेच तो आवडता झाला. 2014 मध्ये त्याच्या शोधाच्या रकान्यात दोष सापडला. शोधायला म्हणून आलेला मजकूर सर्व्हर आपल्याच आज्ञा समजून चालवत असे. 2024 मध्ये तशाच जातीचा दुसरा दोष 2.3एम पर्यंतच्या आवृत्त्यांत उघड झाला आणि त्याच जुलैत अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जाणारा दोष म्हणून नोंदवला. दोन्ही वेळा लॉगिनची गरज नव्हती. फोल्डरला लावलेला पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नव्हता, कारण आज्ञा त्या पासवर्डपर्यंत पोचायच्या आधीच चालत होती. माझं मत स्पष्ट आहे: एचएफएसची दुसरी आवृत्ती कुठे चालू असेल तर ती आजच बंद करावी. नवी, तिसरी आवृत्ती पूर्णपणे वेगळी लिहिलेली आहे.

इथवर कुलूप होतं आणि ते चुकवलं गेलं. अनेकदा कुलूपच नसतं. पायथनमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन 8000 क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर सुरू करता येतो. प्रयोगशाळेत शिक्षक तसं करतात आणि शिकवण्यासाठी ते उत्तमही आहे. पण त्याला पासवर्ड नाही. ज्या फोल्डरातून आज्ञा दिली त्याच्या पोटातलं सगळं तो त्या नेटवर्कवरच्या कोणालाही देतो. पायथनच्या दस्तऐवजातच लिहिलं आहे की खऱ्या कामाला तो वापरू नका.

दवाखान्यांचं प्रकरण याहून जास्त काळजीचं. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने 2019 मध्ये जगभरचे एक्स-रे, सीटी आणि एमआरआय साठवणारे सर्व्हर तपासले. फेब्रुवारी 2020 मध्ये भारतातले आकडे बातम्यांत आले. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता: 3,08,451 नोंदसंच आणि त्यांतून पाहता येतील अशा 6,97,89,685 प्रतिमा. कोणी काही फोडलं नव्हतं. सर्व्हर इंटरनेटला जोडलेले होते आणि ‘तू कोण?’ हा पहिला प्रश्नही विचारत नव्हते. हे सर्व्हर ज्या डायकॉम पद्धतीने बोलतात ती दवाखान्याच्या आतल्या, विश्वासाच्या नेटवर्कसाठी आखलेली. तपासणी केंद्रातून डॉक्टरांना घरबसल्या चित्र दिसावं म्हणून कोणी राउटरवर एक पोर्ट उघडलं की तो विश्वास सगळ्या जगाला लागू होतो. 1894 पासून दवाखान्यांचं गाव म्हणून वाढलेल्या मिरजेत, जिथे आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडून रुग्ण येतात, हा मुद्दा प्रत्येक तपासणी केंद्राने आपल्या संगणकवाल्याला विचारावा असा आहे.

यातला मधला प्रकार लिंकचा. कुलूप नाही, पण पत्ता कोणाला माहीत नाही म्हणून फाइल सुरक्षित, असा हा समज. 30 एप्रिल 2023 च्या अराजपत्रित गट-ब आणि गट-क संयुक्त पूर्व परीक्षेआधी 94,195 उमेदवारांची प्रवेशपत्रं एका टेलिग्राम चॅनलवर पसरली. ती बाह्यलिंकवरून गेल्याचं लोकसेवा आयोगाने सांगितलं आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. साताऱ्या-सांगलीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या प्रत्येकाला त्या आठवड्याची धास्ती कळेल. अशा प्रकारच्या लिंकबद्दल एक सर्वसाधारण गोष्ट सांगता येते. पत्त्यात अनुक्रमांक असेल आणि सर्व्हर पत्ता बरोबर आहे एवढंच पाहत असेल, तर 1001 च्या जागी 1002 लिहिणारा दुसऱ्याची फाइल नेतो. लांब, अंदाज न येणारा पत्ता हे अवघड करतो, पण तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा पुढे गेला की गुपित संपलं.

मग सर्व्हर नीट कसा लिहायचा? क्रम पाळायचा. आलेलं नाव एकदाच उलगडायचं. मग यंत्रालाच विचारायचं की याचा खरा, पूर्ण पत्ता कोणता. तो वाटपाच्या फोल्डरात येतो का हे पाहायचं, आणि पाहताना शेवटच्या तिरक्या रेघेसकट पाहायचं, नाहीतर ‘/सातारा’ला दिलेली मुभा ‘/सातारा-जुने’लाही मिळते, कारण दोन्हींची सुरुवात सारखीच. मग या माणसाला ही फाइल द्यायची का ते विचारायचं. आणि ज्या पत्त्याची तपासणी झाली तोच उघडायचा, मूळ मागणीतलं नाव पुन्हा वापरायचं नाही. बंद फोल्डरांची यादी ठेवू नये, उघड्यांची ठेवावी. मग ‘कऱ्हाड’ कोणत्याही तऱ्हेने लिहिलं तरी यादीबाहेरचं ते बंदच राहतं.

ज्यांना फक्त वापरायचं आहे, त्यांनी वाटपासाठी वेगळा फोल्डर करावा, काम झालं की सर्व्हर बंद करावा आणि राउटरवर कोणती पोर्ट उघडी आहेत ते पाहून नको ती मिटवावीत. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय हे प्रयोग करू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली तो गुन्हा ठरू शकतो. स्वतःच्या सर्व्हरची तपासणी मात्र कोणालाही करता येते. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा म्हणजे जुनं लॉगिन मध्ये येणार नाही, आणि बंद असायला हवी अशा एका फाइलीचा पूर्ण पत्ता टाका. मग पत्त्यात एक तिरकी रेघ जास्त घाला, शेवटी टिंब जोडा, मोठी-लहान लिपी बदलून पाहा. दर वेळी नकारच यायला हवा. एकदाही फाइल उघडली, तर आधी सर्व्हर बंद करा आणि त्याच्या नोंदवहीत जाऊन ती फाइल आजवर कोणकोणत्या पत्त्यांवरून मागितली गेली ते काढा.