आधी बांधा, मग दाबा

फोल्डरवर उजवी टिचकी मारली, ‘झिप’ निवडले, की झाले. संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या लेखी हे एकच काम असते. प्रत्यक्षात त्यात दोन कामे उरकलेली असतात. पहिले काम बांधण्याचे, म्हणजे अनेक फायली त्यांची नावे, तारखा आणि परवानग्या यांसह एकापुढे एक रचून त्यांची एकच फाईल करण्याचे. दुसरे दाबण्याचे, म्हणजे त्या फाईलमधली पुनरुक्ती हुडकून तिचा आकार कमी करण्याचे. युनिक्सच्या जगात ही दोन कामे पहिल्यापासून वेगवेगळ्या प्रोग्रामांकडे राहिली. बांधायचे ते ‘टार’ने, आणि दाबायचे ते जीझिपने, एक्सझेडने किंवा आणखी कशाने. नव्याने शिकणाऱ्याला ही वाटणी जुनाट वाटते. टर्मिनल उघडून ‘टार’ लिहायचे आणि पुढे अक्षरांची जुडी टंकायची, हा खटाटोप कशासाठी, असा त्याचा रास्त प्रश्न असतो. माझे म्हणणे असे की टार आजवर टिकले ते याच वाटणीमुळे, आणि वीस-तीस वर्षांनी उघडावी लागेल अशी सामग्री बांधताना आपणही ही वाटणी पाळली पाहिजे.

टार आले ते बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर, जानेवारी 1979 मध्ये. त्याआधीच्या ‘टीपी’ नावाच्या प्रोग्रामची जागा त्याने घेतली. काम चुंबकीय टेपवर फायली उतरवण्याचे होते आणि टेपचा स्वभावच या रचनेत उतरला आहे. टेप पुढे पुढे जाते. मागे वळून आधी लिहिलेले दुरुस्त करणे तिच्यावर फार अवघड. त्यामुळे टारमध्ये सगळ्या फायलींची एकत्रित अनुक्रमणिका कुठेच नसते. प्रत्येक फाईलच्या आधी तिच्यापुरती 512 बाइटची ओळखपट्टी, म्हणजे हेडर, येते. मग त्या फाईलचा मजकूर. मग पुढच्या फाईलचे हेडर. मजकूरही 512 बाइटच्या ठोकळ्यांतच बसवला जातो, उरलेली जागा शून्यांनी भरली जाते, आणि पूर्ण शून्यांचे दोन ठोकळे आले की आर्काइव्ह संपले असे समजायचे. टारच्या जुन्या रचनेबद्दल सांगण्यासारखे महत्त्वाचे जवळपास एवढेच आहे.

हे किती साधे आहे ते डोळ्यांनी पाहता येते. ‘नमस्कार’ हा एकच शब्द आणि ओळ संपल्याची खूण असलेली फाईल घ्या. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. न, म, स, हलंत, क, काना आणि र अशी सात चिन्हे, म्हणून 21 बाइट, आणि शेवटच्या खुणेचा एक धरून 22. या फाईलचे टार बांधा आणि ते आर्काइव्ह हेक्स दाखवणाऱ्या साधनात उघडा. सुरुवातीचे 100 बाइट नावासाठी राखलेले आहेत. पुढे परवानग्या, मालकाचा आणि गटाचा क्रमांक, मग आकार. आकाराच्या रकान्यात 22 नाही, तर आधी शून्ये लावून 26 लिहिलेले दिसते, कारण टारमधले आकडे अष्टमान पद्धतीत, साध्या वाचता येतील अशा अंकांत लिहिले जातात. फाईल शेवटची कधी बदलली ती वेळही तशीच, 1970 च्या पहिल्या दिवसापासूनच्या सेकंदांत. त्यानंतर हेडरचा चेकसम, म्हणजे बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, आणि थोडे पुढे ‘यूस्टार’ ही अक्षरे. मग येतो ‘नमस्कार’, आणि त्याच्या मागे 490 शून्ये. ग्नू टारने, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या टारने, बांधलेले हे आर्काइव्ह एकूण 10,240 बाइटचे भरते, कारण टेपच्या सोयीसाठी ते आजही वीस-वीस ठोकळ्यांच्या हप्त्याने लिहिते. 22 बाइटसाठी दहा हजार बाइट! ही उधळपट्टी खरी आहे, पण तिला फारशी किंमत मोजावी लागत नाही. त्या पोकळ शून्यांना जीझिप चिमटीत आणते आणि सगळा ऐवज दोन-अडीचशे बाइटच्या आत बसतो. बांधणाऱ्याने जागेची चिंता करायचीच नाही, दाबणाऱ्याने फायलींची नावे जाणायचीच नाहीत, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचे फळ गेल्या चार दशकांत दिसले. सुरुवातीला टारची फाईल ‘कॉम्प्रेस’ नावाच्या प्रोग्रामने दाबली जाई. त्यामागच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर पेटंट असल्याने पर्याय शोधणे भाग पडले आणि 1992 मध्ये जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांचे जीझिप आले. मग 1996 मध्ये ज्युलियन सेवर्ड यांचे बीझिप2, पुढे एक्सझेड, आणि 2016 मध्ये फेसबुकने खुले केलेले यान कोले यांचे झेडस्टँडर्ड. दाबण्याचे तंत्र इतक्या वेळा बदलले, पण आतल्या गठ्ठ्याला हात लावावा लागला नाही. लिनक्सच्या कर्नलचे अधिकृत वितरण पाहा. तिथे 2013 च्या अखेरीस बीझिप2 बंद झाले, जीझिप आणि एक्सझेड राहिले. डिजिटल स्वाक्षरी मात्र दाबलेल्या फाईलवर नसते, आतल्या उघड्या टारवर असते. तुम्ही कुठल्याही रूपात उतरवून घ्या, दाब सोडवल्यावर जे हाती येते त्याची खातरजमा एकाच स्वाक्षरीने होते. आजच्या क्लाउडवर चालणाऱ्या डॉकरच्या प्रतिमांचे थरसुद्धा टारच्याच रूपात साठवले जातात.

याच्या उलट गल्लत केली की काय होते, ते जानेवारी 2023 मध्ये गिटहबवर दिसले. तिथून कुठल्याही प्रकल्पाचा सोर्स टार-जीझिप रूपात मिळतो. गिट या साधनाने दाबण्यासाठी बाहेरच्या जीझिपऐवजी स्वतःतलेच तंत्र वापरायला सुरुवात केली होती, आणि ती आवृत्ती गिटहबवर लागू होताच त्या फायलींचे चेकसम बदलले. आतली एकही फाईल बदलली नव्हती, बदलली होती ती फक्त दाबण्याची रीत. पण अनेक प्रकल्पांच्या बिल्ड-व्यवस्था दाबलेल्या फाईलचा चेकसम पक्का धरून बसल्या होत्या. त्या धडाधड बंद पडल्या आणि गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. एकच मजकूर अनेक प्रकारे दाबता येतो, त्यामुळे ओळख पटवायची ती आतल्या गठ्ठ्याची.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप झिपच्या बाजूने येतो. 1989 मध्ये फिल काट्झ यांच्या पीकेझिपबरोबर आलेल्या या रचनेत प्रत्येक फाईल वेगळी दाबलेली असते आणि अनुक्रमणिका शेवटी असते. त्यामुळे हजार फायलींतली एकच हवी असेल तर झिप थेट तिथे पोचते. टार-जीझिपमध्ये मात्र सुरुवातीपासून दाब सोडवत त्या फाईलपर्यंत जावे लागते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वर्डच्या डॉकेक्स फायली आणि ई-पब पुस्तके आतून झिप आहेत ती याच कारणाने, आणि तिथे टार वापरणे चूकच ठरले असते. पण सोयीची किंमत झिपही मोजते. फायली सुट्या दाबल्यामुळे दोन फायलींतले साम्य त्याला वापरता येत नाही. एकाच धाटणीच्या शेकडो लहान फायली असतील तर सलग गठ्ठा दाबणारे टार-जीझिप बरेचदा लहान भरते. शिवाय डाउनलोड अर्ध्यात तुटले तर झिपची अनुक्रमणिकाच हरवते आणि दुरुस्तीचे वेगळे उपाय करावे लागतात, तर टारमधून तुटल्या जागेपर्यंतचे सारे सरळ बाहेर निघते. रोज उघडझाप करायची असेल तर झिप घ्यावे. एकदा बांधून ठेवायचे किंवा दुसरीकडे पोचवायचे असेल तर टार.

दुसरा आक्षेप असा की टारचा चेकसम फक्त हेडरपुरता आहे, मजकूर बिघडला तर टारला पत्ता लागत नाही. हेही खरे. पण जीझिप प्रत्येक दाबलेल्या प्रवाहाच्या शेवटी सीआरसी-32 ही पडताळणी जोडते, आणि त्याहून पक्की खात्री हवी तर स्वाक्षरी आहेच. तिसरा आक्षेप जुनेपणाचा, आणि मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा. नावाला 100 बाइट म्हणजे देवनागरीची जेमतेम 33 चिन्हे. ‘महाराष्ट्र’ हा दिसायला चार अक्षरी शब्द दहा चिन्हांचा आणि 30 बाइटचा आहे. असे तीन शब्द एका नावात आले की रकाना भरत आला. पुढे 1988 च्या पॉझिक्स मानकात फोल्डरच्या मार्गासाठी आणखी 155 बाइटचा रकाना मिळाला, आणि 2001 मध्ये ‘पॅक्स’ ही वाढीव पद्धत आली. तिची युक्ती सुंदर आहे. जुने हेडर मोडायचे नाही; खऱ्या फाईलच्या आधी एक जादा नोंद घालायची आणि तिच्यात पूर्ण नाव यूटीएफ-8 मध्ये लिहायचे. अकरा अष्टमान अंकांमुळे आलेली आठ जीबीची मर्यादाही याच वाटेने सुटली. पॅक्स न कळणारा जुना प्रोग्राम त्या जादा नोंदीला एक साधी फाईल समजतो, पण मजकूर तरीही बाहेर काढतो. देवनागरी नावांच्या बाबतीत झिपचा इतिहास याहून खडतर आहे. मूळ झिपमध्ये नावे डॉसच्या कोडपेजमध्ये लिहिली जात, यूटीएफ-8 ची खूण नंतर आली, आणि ती खूण न पाळणाऱ्या प्रोग्रामांनी मराठी नावांचा चिवडा करून ठेवला.

राहिला प्रश्न खुद्द कमांडचा. तिची अक्षरे पाठ करायला थोडीच आहेत: ‘सी’ म्हणजे नवे बांध, ‘एक्स’ म्हणजे सोडव, ‘टी’ म्हणजे नुसती यादी दाखव, ‘व्ही’ म्हणजे करशील ते सांगत जा, ‘झेड’ म्हणजे जीझिपमधून ने, आणि ‘एफ’ म्हणजे पुढे येणारे नाव आर्काइव्हचे. या ‘एफ’ने भल्याभल्यांना गोत्यात आणले आहे. आडव्या रेघेनंतर ‘सीएफव्ही’ लिहिले तर टार ‘व्ही’ नावाचे आर्काइव्ह बनवते. ‘सीएफ’पुढे आर्काइव्हचे नाव विसरून सरळ सगळ्या टेक्स्ट फायली दिल्या, तर यादीतली पहिली फाईल आर्काइव्हचे नाव ठरते आणि तिच्यातला मजकूर पुसला जातो. विचारणा होत नाही. सोडवतानाही आधीची त्याच नावाची फाईल मुकाट्याने बदलली जाते. हा धोका लहान मानू नये. तरीही कमांडचे पारडे जड राहते, कारण दिलेली आज्ञा लिहून ठेवता येते, पुन्हा तशीच देता येते, आणि टारचा प्रवाह पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवता येतो. एका सर्व्हरवर टार बांधत असतानाच एसएसएचवरून तो प्रवाह दुसऱ्या सर्व्हरवर सोडवता येतो. मध्ये कुठेही तात्पुरती फाईल बनत नाही. टेपसाठी सोसलेले बंधन इथे कामी येते, कारण नेटवर्कवरही मागे वळून लिहिता येत नाही. विंडोज 10 मध्ये 2018 पासून टार आयतेच मिळते, त्यामुळे ही सोय फक्त लिनक्सवाल्यांची राहिलेली नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत गंभीर आहे. परक्या टारमधल्या नावात दोन टिंबांचा मार्ग घालून फाईल भलत्याच फोल्डरात उतरवता येते. ग्नू टार अशी नावे वगळते, पण पायथनच्या टार-मॉड्यूलमधला हा दोष 2007 मध्ये नोंदला जाऊनही सुरक्षित वर्तन आपोआप लागू व्हायला 2025 मधली 3.14 ही आवृत्ती उजाडावी लागली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांतले गुप्त दार उघडकीस आणले. ते दार चालू करणारा धागा प्रकल्पाच्या गिट-भांडारात नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या टारमध्ये तेवढा घातला होता. म्हणजे टारवर विश्वास ठेवू नये का? माझ्या मते गठ्ठा उघडून भांडाराशी फाईल-फाईल ताडून पाहता येतो, हेच टारचे बळ आहे. ते ताडणे नेमाने झाले नाही, ही माणसांची कसूर. आणि एक्सझेडवर संशय आला तेव्हा वितरणांनी जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली, आधी बांधलेल्या आर्काइव्हांना त्याची झळ लागली नाही.

म्हणून एखादे ग्रंथालय, एखादी संस्था किंवा एखादे घर आपले जुने कागद स्कॅन करून जपत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. जेपीईजी चित्रे आधीच दाबलेली असतात, स्कॅन केलेल्या पीडीएफही बहुधा तशाच. त्यांच्यावर पुन्हा जीझिप चालवून हाती फारसे काही लागत नाही. ती पॅक्स पद्धतीच्या साध्या टारमध्ये बांधा, चेकसम वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवा, आणि बांधून झाल्यावर मूळ फायली पुसण्याआधी ‘टी’ने यादी पाहून एकदा वेगळ्या रिकाम्या फोल्डरात सगळे सोडवून बघा.