घणाची लय

तापलेल्या लोखंडाला आकार देण्यासाठी दोन्ही हातांनी चालवायचा वजनदार हातोडा म्हणजे घण. चार ते सहा किलोचे ते डोके वर न्यायचे आणि खाली आणायचे, एवढेच काम वरवर दिसते. पण तोच घण, तीच ऐरण आणि तसेच तापलेले पोलाद असूनही दोन माणसांचे घाव सारखे पडत नाहीत. एकाचा घाव खोल उतरतो आणि तासभर काम करूनही तो माणूस दमलेला दिसत नाही. दुसऱ्याच्या घावाचा आवाज मोठा येतो, पोलाद मात्र जागचे हलत नाही आणि दहा-बारा घावांत त्याचे खांदे भरून येतात. हा फरक ताकदीचा कमी आणि लयीचा जास्त असतो.

हिंगोली जिल्ह्यात ही लय पाहायला मिळते ती मुख्यतः घिसाडी कुटुंबांच्या कामात. बलुतेदारीतला लोहार गावात घर करून राहणारा. घिसाडी मात्र बिऱ्हाड घेऊन फिरणारे. महाराष्ट्राच्या यादीत त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. गावाबाहेर किंवा बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाल पडते, जमिनीत खड्डा करून भट्टी लागते आणि काम सुरू होते. शेतीच्या हंगामाप्रमाणे कामही बदलते. मृगाच्या आधी वखराच्या आणि कोळप्याच्या पासा येतात, सोयाबीन पिवळे पडू लागले की विळे येतात, पौषापासून हळद काढणीच्या कुदळी येतात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती जमिनीतून बाहेर काढायला आजही अनेक शेतांत कुदळच लागते, आणि बोथट झालेली कुदळ पुन्हा ऐरणीवर यावी लागते.

या कामात दोन माणसांची जोडी असते. पुरुष ऐरणीपाशी बसतो. त्याच्या डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात छोटा हातोडा असतो. समोर उभ्याने घण मारणारी बहुतेक वेळा त्याची बायको असते. भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा आला आहे. तो मुलगा किंवा म्हातारे माणूस फिरवते. ऐरण लहान असते आणि लाकडाच्या ओंडक्यात ठोकून जमिनीलगत बसवलेली असते. ती बुटकी असण्याने दोन गोष्टी साधतात. बसलेल्या माणसाच्या हाताशी काम येते, आणि उभ्या बाईच्या घणाला खाली यायला भरपूर अंतर मिळते. डोक्यावर गेलेला घण ऐरणीपर्यंत सुमारे पावणेदोन मीटर उतरतो.

कामाचा माल बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा असतो. या पोलादात कार्बन साध्या लोखंडापेक्षा जास्त असल्याने त्याला धार चांगली येते आणि पाणी दिल्यावर ती टिकते. मात्र ते ठोकण्याचा काळ फार थोडा असतो. भट्टीतून बाहेर काढलेला तुकडा नारिंगी-पिवळा दिसतो तेव्हा त्याचे तापमान साधारण 900 ते 1100 अंश सेल्सियस असते आणि तो घणाखाली मेणासारखा दबतो. रंग गडद लाल होत गेला की दबणे कमी होते. काळपट लालीवर ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. विळ्यासारखे पातळ पाते नारिंगी रंग अर्धा मिनिटही धरत नाही. एका तापात दहा-पंधरा घाव बसले तर बसले. त्यातला प्रत्येक वाया गेलेला घाव म्हणजे भट्टीत पुन्हा जाळावा लागणारा कोळसा. घाई करायला भाग पाडणारे हे काम आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यात घाई चालत नाही.

घण उचलण्याआधी पाय लागतात. दोन्ही पायांत खांद्यांएवढे अंतर असते, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे थोडे सैल. सराईत बाई घण धरण्याआधी पायाखालचा खडा बाजूला सारते, कारण घावाची सुरुवात जमिनीपासून होते. एक हात दांड्याच्या टोकाशी राहतो आणि दुसरा घणाच्या डोक्याजवळ. मूठ घट्ट आवळलेली नसते. आवळलेल्या मुठीने मनगट आखडते, मनगटाने कोपर आणि कोपराने खांदा. मग सगळा हात एकाच लाकडासारखा हलतो आणि घावाचा वेग तिथेच मरतो.

उचल सावकाश असते. डोक्याजवळचा हात वजन सांभाळतो, त्यामुळे घण अंगालगत राहतो आणि कमरेवर ताण येत नाही. घण खांद्याच्या वर जाऊ लागला की तो हात दांड्यावरून हळूहळू खाली सरकतो. माथ्यावर पोचेपर्यंत दोन्ही हात दांड्याच्या टोकाशी जवळजवळ आलेले असतात. या क्षणी घण थांबल्यासारखा वाटतो, पण थांबत नाही; झोका वरच्या टोकाला जाऊन जसा वळतो तसा तो वळतो. नवखा माणूस चुकतो तो इथेच. घण पुरता वर जाण्याआधीच तो हातांनी खाली ओढायला लागतो. सराईत अंगात हात शेवटी हलतात. टाच जमिनीवर दाबली जाते, कंबर पुढे येते, मग पोटपाठ झुकते, मग खांदे, मग कोपर, आणि अगदी शेवटी मनगटे सुटतात.

हा क्रमच घावाचा प्राण आहे. शरीराचा एकेक भाग वेग घेतो आणि स्वतः मंदावताना तो वेग पुढच्या, आपल्यापेक्षा हलक्या भागाला देऊन टाकतो. कंबर मंदावते तेव्हा खांदे धावतात. हात मंदावतात तेव्हा घण धावतो. जोंधळ्याची राखण करणाऱ्याने गोफण फिरवताना हेच केलेले असते. दंड फिरतो, मनगट अडते आणि धोंडा सुटतो. हात मंदावण्याआधीच मनगट सोडले तर गोफणीचा धोंडा जवळच पडतो आणि घणाचा घाव पोकळ येतो.

हिशेब मांडला तर लयीची किंमत स्पष्ट होते. पाच किलोचा घण पावणेदोन मीटरवरून नुसता पडू दिला तर ऐरणीवर येताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर होतो आणि त्यात सुमारे 85 ज्यूल ऊर्जा असते. एवढे काम गुरुत्वाकर्षण फुकट करून देते. शरीराने योग्य क्रमाने साथ देऊन तो वेग 8 मीटरवर नेला तर ऊर्जा 160 ज्यूल होते. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि घाव जवळजवळ दुप्पट झाला, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच वाढ घण जड करून मिळवायची तर जवळपास दुप्पट वजन दर वेळी डोक्यावर न्यावे लागेल. म्हणून जाणत्या घरात घणाचे वजन मारणाऱ्याच्या अंगकाठीप्रमाणे ठरते. सडपातळ बाईच्या हातचा चार किलोचा घण धिप्पाड नवख्याच्या सहा किलोच्या घणापेक्षा खोल जातो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

याच तत्त्वाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो गोल्फच्या मैदानावर. तिथले उपकरण घणाच्या अगदी उलट आहे. लांब फटका मारायच्या काठीचे डोके जेमतेम 200 ग्रॅमचे असते आणि चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. पण अव्वल पुरुष खेळाडूच्या काठीचे डोके सेकंदाला 50 मीटरच्या वेगाने येते, म्हणजे त्यात 250 ज्यूल असतात, पाच किलोच्या घणापेक्षाही जास्त. अलास्टेर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या फटक्याचे वर्णन दुहेरी लंबक असे केले आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत एक लंबक, मनगटापासून काठीच्या डोक्यापर्यंत दुसरा. पहिला आधी धावतो आणि दुसरा त्याच्यामागे खेचला जाऊन शेवटी त्याला मागे टाकतो. मनगट किती वेळ न सोडता ठेवले, यावर चेंडूचे अंतर ठरते.

लयीबद्दल एक मोजणी याहूनही बोलकी आहे. जॉन नोव्होसेल यांनी नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती चौकट-चौकट मोजून 2004 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. सेकंदाला 30 चौकटींच्या चित्रफितीत कुणाची उचल 27 चौकटींची आणि उतार 9 चौकटींचा, कुणाची 24 आणि 8, कुणाची 21 आणि 7. खेळाडूगणिक वेग निराळा, पण उचल आणि उतार यांचे तीनास एक हे प्रमाण कायम. घणाच्या लयीलाही हेच लागू पडते. प्रमाणाचा आकडा तिथे वेगळा असेल, कारण घण जड असतो, पण प्रत्येक मारणाऱ्याची चाल स्वतःची असते आणि तिच्यातले उचल-उताराचे नाते घावागणिक बदलत नाही. थकवा आला की सराईत बाई दोन्ही सारखेच मंद करते. नवखा उचल रेटतो आणि उतारात जोर काढतो, म्हणून त्याचा घाव भरकटतो.

उचल सावकाश असण्यामागे आणखी एक कारण आहे. उतार सुरू झाला की घण अर्ध्या सेकंदाच्या आत ऐरणीवर असतो. डोळ्यांनी पाहून हाताला हुकूम पोचायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि धावत्या पाच किलोंना वळवणे त्यानंतरही हाताबाहेरचे असते. उतरत्या घणात दुरुस्ती होत नाही. जागा, कोन, जोर हे सारे उचलीतच ठरवावे लागते. त्यामुळे मारणाऱ्याची नजर घणाबरोबर वर जात नाही. ती तापल्या लोखंडावरच्या एका जागेवर खिळलेली राहते.

ती जागा दाखवतो बसलेल्या माणसाचा छोटा हातोडा. त्याची टिचकी जिथे पडते तिथे पुढचा घण पडायचा असतो. टिचकीने जागा कळते, तिच्या जोराने घाव किती हवा ते कळते आणि दोन टिचक्यांमधल्या अंतराने चाल कळते. टिक-धाड, टिक-धाड असा ठेका धरला जातो. दोघे घण मारणारे असतील तर टिक-धाड-धाड असा तिहेरी ठेका होतो आणि एकाचा घण उतरताना दुसऱ्याचा वर जात असतो. थांबायची खूण म्हणजे लोखंडावर न पडता रिकाम्या ऐरणीवर वाजलेली टिचकी. तिचा आवाज इतका वेगळा असतो की बोलावे लागत नाही. शब्दांना इथे वेळही नसतो, कारण तेवढ्यात लोखंडाचा रंग उतरतो.

घाव बसतो त्या क्षणी घणाचे तोंड ऐरणीच्या पृष्ठाला समांतर हवे. ते जरा कलले तर घणाचा काठ पोलादात चंद्रकोरीसारखी खूण उमटवतो आणि ती सपाट करण्यात पुढचे दोन-तीन घाव जातात. या क्षणी मुठी सैल असतात. दांडा नुसता दिशेपुरता धरलेला असतो. घट्ट धरला तर हादरा सांध्यात शिरतो. घावानंतर घण उसळी घेतो. मऊ तापल्या लोखंडावर उसळी थोडी, निवत आलेल्या लोखंडावर जास्त, आणि या फरकावरून लोखंड किती निवले ते मारणारीच्या हाताला कळते. ती उसळी अडवायची नसते. तिच्याच लाटेवर पुढची उचल सुरू करायची असते. लयीत चाललेला घण दर वेळी नव्याने उचलावा लागत नाही, याचे रहस्य यात आहे.

सराईत हालचाल यंत्रासारखी एकसारखी असते, असा समज आहे. तो चुकीचा असल्याचे 1920 च्या दशकातच दिसून आले. मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाईन यांनी हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांना लहान दिवे बांधून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे बदलत होते. हातोड्याच्या डोक्याचा मार्ग मात्र फार कमी बदलत होता. खांदा जरा चुकला की कोपर ती चूक भरून काढत होता. कसब म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे नसून एकच काम पुन्हा पुन्हा नव्याने सोडवणे आहे, असा त्याचा अर्थ होतो. घण शिकवताना कोपर किती अंशांत वाकवायचा हे कुणी सांगत नाही, ते यामुळेच. मुलगी आधी थंड लोखंडावर, हलक्या घणाने, टिचकीमागे टिचकी धरायला शिकते. जोर नंतर येतो.

लय बिघडवणाऱ्या चुका मोजक्याच आहेत: मूठ आवळणे, माथ्यावर घाई करणे, कंबर न हलवता हातांनी ओढणे, घणाकडे बघणे, श्वास रोखून धरणे आणि घाव बसल्यावर घण दाबून धरणे. यांपैकी एक चूक शिरली की तिच्यामागून दुसऱ्या येतात. श्वासाची खूण सर्वांत सोपी आहे. लयीत मारणाऱ्याचा श्वास उचलीत आत जातो आणि घावाबरोबर सुटतो. त्याचा हलका हुंकार ऐकू येतो. हुंकार बंद झाला की अंग आखडले असे समजावे.

दांड्याचाही या लयीत वाटा आहे. धावडा किंवा बाभळीचा दांडा हादरा पचवतो. लोखंडी नळीचा दांडा टिकतो जास्त, पण हादरा थेट हातात सोडतो. गोल्फमध्येही 1929 मध्ये पोलादी दांड्याला ब्रिटनमध्ये मान्यता मिळेपर्यंत हिकरी लाकडाचे दांडे चालत. ते वाकत आणि पिळवटत, त्यामुळे झटक्याने मारणाऱ्याला साथ देत नसत. बॉबी जोन्स यांनी 1930 मध्ये एकाच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच दांड्यांनी.

ट्रॅक्टर आल्यापासून वखराच्या पासा कमी झाल्या, कारखान्यातले विळे बाजारात स्वस्त मिळू लागले, आणि मोठ्या कारागिरांकडे विजेवर चालणारे घण आले. पालावर उरले आहे ते बहुतांशी दुरुस्तीचे काम: कुऱ्हाड, कुदळ, खुरपे आणि कोयता यांना पुन्हा धार आणि पाणी देणे. तेवढ्यासाठीही घण नीट लागतोच. नेढ्यात ढिला झालेला दांडा दर घावाला किंचित हलतो आणि मग कितीही सराईत हाताला लय धरता येत नाही. म्हणून काम संपले की दांड्याची पाचर तपासून घणाचे डोके रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळपर्यंत लाकूड फुगते आणि डोके पुन्हा पक्के बसते.