पाणी ज्यांचे, तहानही त्यांचीच!

कॅनडा म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो, डॉलर येतो आणि हार घालून विमानतळावर निरोप दिलेला कोणाचा तरी मुलगा येतो. तिकडे गेला तो सुटला, असे आपण धरूनच चालतो. क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाचा देश आणि लोकसंख्या जेमतेम चार कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्मीही नाही. मग तेथील सामान्य माणसाला चिंता ती कसली असणार? परंतु त्या माणसाच्या स्वयंपाकघरात डोकावले तर चित्र वेगळे दिसते. आज आम्ही त्याच माणसाविषयी लिहिणार आहोत. आणि लिहिता लिहिता एक प्रश्नही विचारणार आहोत. कॅनडाचा 'सामान्य माणूस' म्हणजे नेमका कोण?

सुरुवात पावापासून करू. पाव हे तिकडच्या गरिबाचे रोजचे अन्न. २०१७ साली लॉब्लॉ आणि जॉर्ज वेस्टन या कंपन्यांनी कबुली दिली की, २००१ पासून चौदा वर्षे पावाचे भाव संगनमताने ठरवण्यात आपला सहभाग होता. कबुली दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. ग्राहकांना पंचवीस डॉलरचे कार्ड देऊन बोळवण करण्यात आली. कॅनडा ब्रेड या दुसऱ्या कंपनीला २०२३ मध्ये पाच कोटी डॉलरचा दंड झाला. चौदा वर्षे गरिबाच्या पावातून पैसे काढले गेले आणि त्याला पत्ताही नव्हता! देशातील किराण्याच्या विक्रीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक विक्री पाच बड्या साखळ्यांच्या हातात असली की असेच होणार. २०२२ मध्ये किराण्याचे भाव वर्षभरात अकरा टक्क्यांनी चढले. मार्च २०२४ या एका महिन्यात धान्यपेढ्यांच्या दारात वीस लाखांहून अधिक वेळा लोक येऊन गेले. त्यात नोकरी असलेले लोकही होते. पगार आहे आणि तरी पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे, ही श्रीमंत देशातील गोष्ट आहे.

दुसरी चिंता घराची. तिकडे घराचे कर्ज पंचवीस वर्षांचे असले, तरी व्याजाचा करार बहुधा पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. मार्च २०२२ मध्ये पाव टक्का असलेला मध्यवर्ती बँकेचा दर जुलै २०२३ पर्यंत पाच टक्क्यांवर गेला. ज्यांचे करार त्या सुमारास संपले त्यांच्या हप्त्याचे काय झाले असेल, हे कर्ज काढून घर घेतलेल्या वाचकाला सांगायला नको. भाडेकरूचे हाल त्याहून वाईट. मग खापर फोडायला कोणीतरी लागते. ते परदेशी विद्यार्थ्यांवर फुटले. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने त्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्यांच्याकडून तिप्पट-चौपट फी घेऊन महाविद्यालये चालवली जात होती तेव्हा ते पाहुणे होते; घरे कमी पडली तेव्हा ते गर्दी झाले. घरे वेळेवर का बांधली नाहीत, हा प्रश्न मात्र मागे पडला. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी जकात लादली, कॅनडाला एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा केली, आणि सारा देश स्वाभिमानाने पेटून उठला. लोक दुकानात वेष्टन उलटून माल कोणत्या देशाचा ते पाहू लागले. स्वाभिमान चांगलाच, पण त्याने घरभाडे कमी होत नाही.

तिसरी गोष्ट दवाखान्याची, आणि येथे कॅनडाच्या सामान्य माणसाला अभिमान वाटावा असे काहीतरी आहे. विनिपेग शहरात एका कामगाराच्या लहान मुलाचा पाय हाडाच्या रोगाने कापायची वेळ आली होती. घरात पैसा नव्हता. एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर, फुकट उपचार केले आणि पाय वाचला. तो मुलगा म्हणजे टॉमी डग्लस. एखाद्या मोठ्या माणसाची मर्जी झाली म्हणून माझा पाय राहिला. ज्यांच्यावर अशी मर्जी होत नाही त्यांचे काय? हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. दान आणि हक्क यांतील फरक त्याला कळला होता. १९१९ साली विनिपेगमध्ये तीस हजार कामगारांनी सहा आठवडे संप केला, तेव्हा पोलिसांचा गोळीबार त्याने चौदाव्या वर्षी गच्चीवरून पाहिला. १९४४ मध्ये तो सस्कॅचेवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला. १ जुलै १९६२ रोजी त्या प्रांतात सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा सुरू झाला. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला! तेवीस दिवस तो चालला. तोवर डग्लस देशाच्या राजकारणात गेला होता. पण त्याच्या जागी आलेले वुड्रो लॉइड मागे हटले नाहीत. १९६६ मध्ये देशाचा कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वर पैसे उकळण्याला आळा घातला. २००४ साली तिकडच्या सरकारी दूरचित्रवाणीने सर्वांत थोर कॅनडियन कोण, असा कौल घेतला तेव्हा लोकांनी डग्लसला निवडले. सेनापतीला नाही, उद्योगपतीला नाही, तर गरिबाच्या औषधपाण्याची सोय करणाऱ्याला!

पण मिळवलेला हक्क सांभाळावा लागतो. २०२२ च्या एका पाहणीत, साठ लाखांहून अधिक प्रौढांना स्वतःचा असा नेहमीचा डॉक्टरच नाही, असे दिसले. तातडीच्या विभागात तासन्‌तास बसावे लागते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. रुग्णालयाबाहेरची औषधे आणि दात हे त्या विम्यात कधीच नव्हते. दातांसाठीची योजना २०२४ मध्ये कुठे सुरू झाली, तीही ठरावीक उत्पन्नापर्यंत. मग खासगीकरणवाले म्हणतात, बघा, सरकारी व्यवस्था चालत नाही. आधी व्यवस्थेची उपासमार करायची आणि मग ती अशक्त आहे म्हणून विकायला काढायची. हा डाव आपल्या वाचकांना नवा नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडे पाहिले तरी पुरे.

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. डग्लसचा पाय जेथे वाचला, कामगारांनी जेथे संप केला, त्याच विनिपेगच्या नळाला १९१९ सालापासून येणारे पाणी कोठून येते? जवळजवळ शंभर मैल पूर्वेला असलेल्या शोल लेक नावाच्या सरोवरातून. सरोवर नितळ, पाणी गोड. पण त्याच्या काठावर माणसे राहत होती. ती या भूमीची मूळ माणसे. त्यांची जमीन घेतली, वस्ती हलवली. शेजारच्या नदीचे काळपट पाणी शहराच्या नळाच्या तोंडाशी येऊ नये म्हणून बांध घातला, कालवा खोदला आणि ते पाणी वस्तीच्या बाजूला वळवले. कालव्यामुळे वस्ती मुख्य भूमीपासून तुटली. तिचे बेट झाले.

शहराला स्वच्छ पाणी मिळाले. वस्तीला काय मिळाले? १९९७ मध्ये हुकूम आला की, तुमचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. शुद्धीकरण केंद्र मागितले तर खर्च परवडत नाही, असे उत्तर. खर्च का वाढतो, तर रस्ता नाही म्हणून. रस्ता का नाही, तर तुम्हीच बेट केले म्हणून! बाटल्यांतले पाणी होडीने आणायचे. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून चालायचे. बर्फ फुटून माणसे बुडाली. चोवीस वर्षे हे चालले. म्हणजे तो हुकूम आला तेव्हा जन्मलेली मुलगी स्वतः आई होण्याच्या वयाची झाली, तरी तिला घरच्या नळाचे पाणी ओंजळीने पिणे ठाऊक नव्हते.

२०१४ मध्ये विनिपेगमध्ये मानवी हक्कांचे भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडले. शोल लेकच्या लोकांनी काय करावे? त्यांनी आपल्या वस्तीलाच मानवी हक्कभंगाचे संग्रहालय म्हणून जाहीर केले आणि लोकांना पाहायला बोलावले. दगड उचलला नाही, आरसा दाखवला. २०१९ मध्ये चोवीस किलोमीटरचा रस्ता झाला. त्याला त्यांनी नाव दिले 'स्वातंत्र्याचा रस्ता'. सप्टेंबर २०२१ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. शहराला पाणी मिळून तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

ही एकच वस्ती असती तर अपवाद म्हटले असते. २०१५ मध्ये अशा शंभराहून अधिक दीर्घकालीन सूचना मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत लागू होत्या. मार्च २०२१ पर्यंत सर्व संपवू, असे वचन जस्टिन ट्रुडो यांच्या पक्षाने दिले. बऱ्याच संपल्या, सगळ्या नाही. ओंटारिओतील नेस्कांटागा वस्तीत १९९५ मध्ये लागू झालेल्या सूचनेला २०२५ मध्ये तीस वर्षे झाली. मूळ रहिवाशांना आपली नोंद न गमावता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला तो १९६० मध्ये. त्यांची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत डांबली गेली. त्याची सरकारने संसदेत माफी मागितली ती २००८ मध्ये. आज ही माणसे लोकसंख्येच्या पाच टक्के आहेत. 'सामान्य कॅनडियनच्या चिंता' मोजताना पाव मोजला जातो, हप्ता मोजला जातो. यांचे पाणी कितीदा मोजले जाते?

आमच्या वाचकांना हे सांगताना महाडची आठवण होणे साहजिक आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. कोर्टातला वाद त्यानंतरही दहा वर्षे चालला. कॅनडाची वचनेही कागदावर होती. रस्ता झाला तो लोकांनी लाज आणली म्हणून.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. विमानतळावर हार घालून पाठवलेला मुलगा सामानात काय नेतो? मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाला जातीच्या छळाबाबत ठराव करावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने, जातीवरून होणारा भेदभाव कायद्याच्या कक्षेत येतो, असे स्पष्ट केले. म्हणजे जातीनेही समुद्र ओलांडला आहे आणि तिच्याविरुद्ध बोलणारेही ओलांडून गेले आहेत. तिकडे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. तेथील दवाखान्याचा हक्क कोणी लढून मिळवला, ते वाचा. पावाच्या भावाबद्दल शेजाऱ्याबरोबर आवाज उठवा. आणि नळ सोडून पेला भराल तेव्हा हे पाणी कोणाच्या सरोवरातून आले, आणि त्या काठावरच्या माणसाला ते मिळते का, हे एकदा विचारा. ज्यांच्या आजोबांना तळ्यावर जावे लागले, त्यांनी हे विचारायचे नाही तर कोणी विचारायचे?