विश्लेषण : सेकंदाला अवघे ६०० बिट्स! लष्करी रेडिओवर आवाज इतका लहान कसा केला जातो?

'नाटो' देशांच्या लष्करी रेडिओंसाठी 'स्टॅनॅग ४५९१' हे मानक आहे. त्यात आवाजासाठी तीन दर ठरलेले आहेत : सेकंदाला २४००, १२०० आणि ६०० बिट्स. साध्या डिजिटल टेलिफोनला ६४,००० बिट्स लागतात (सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट). म्हणजे सर्वात कमी दर टेलिफोनच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

एवढी काटकसर कशासाठी?

दूर पल्ल्याच्या एचएफ रेडिओची वाहिनी जेमतेम ३ किलोहर्ट्झ रुंद असते. त्यात खरखर, विरत जाणारा सिग्नल आणि शत्रूचे जॅमिंग. ट्रान्समीटरची शक्ती तीच ठेवून दर २४०० वरून ६०० वर आणला, की प्रत्येक बिटच्या वाट्याला चौपट ऊर्जा येते. जिथे आधी काहीच पोहोचत नव्हते, तिथे निदान शब्द पोहोचतात.

मग पाठवतात काय?

आवाज पाठवतच नाहीत. पाठवतात ती आवाजाची कृती. पाककृतीसारखी! या मानकातल्या 'मेल्प' पद्धतीत २४०० च्या दराला बोलण्याचे २२.५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याला ५४ बिट्स. त्यातले २५ घसा आणि तोंडाच्या पोकळीचा आकार सांगतात, ७ स्वराची पट्टी, ८ आवाजाचा जोर. उरलेल्यांपैकी काहींतून ध्वनी 'आ'सारखा घुमणारा आहे की 'स'सारखा सळसळणारा, याचा तपशील जातो. पलीकडचे यंत्र त्यावरून आवाज नव्याने घडवते.

कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, वॉशिंग्टन-लंडन संभाषणासाठी 'सिगसॅली' यंत्रणा याच तत्त्वावर सुरू झाली. वजन सुमारे ५० टन! १९८० च्या दशकातली 'एलपीसी-१०' पद्धतही २४०० बिट्सचीच. पण ती प्रत्येक तुकडा एक तर पूर्ण घुमणारा किंवा पूर्ण सळसळणारा मानायची, म्हणून माणूस यंत्रमानवासारखा गुणगुणायचा. 'मेल्प' हा निर्णय वेगवेगळ्या वारंवारता-पट्ट्यांसाठी स्वतंत्रपणे घेते. दर तोच, आवाज बराच माणसाचा.

६०० ला काय गमावतो?

इथे चार तुकडे एकत्र बांधून सगळ्यांना मिळून ५४ बिट्स दिले जातात. त्यासाठी किमान ९० मिलिसेकंद बोलणे साठवावे लागते, त्यामुळे उत्तर उशिरा येते. बोलणाऱ्याची लकबही पुसट होते. समोर आपलाच अधिकारी आहे, हे केवळ आवाजावरून ठरवणे धोक्याचे.

त्याहून मोठा धोका शब्दांचा. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. पण आकडा तोफेच्या माऱ्याचा असेल तर? म्हणूनच अशा पद्धतींच्या चाचणीत पहिल्या व्यंजनापुरतेच वेगळे असणारे जोडशब्द ऐकवून कोणता ऐकू आला ते विचारतात. शांत खोलीत आणि रणगाडा, हेलिकॉप्टरच्या गोंगाटातही. इंजिनाची घरघर मिसळली की यंत्र तिलाही आवाजाचा भाग समजते आणि कृतीच चुकते. त्यामुळे 'स्टॅनॅग ४५९१' मध्ये बोलणे सांकेतिक करण्याआधी गोंगाट कमी करण्याची सोय जोडलेली आहे.

संपर्क चांगला असेल तर २४००, तुटायला लागला की ६००. मात्र दोन्ही टोकांचे रेडिओ एकाच दरावर असायला हवेत.